लहान लेथवर वाडग्यांसाठी कोअरिंगची यंत्रणा: बसेल का, आणि बसली तर चालेल का?

ओला ओंडका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ३०० मिमी स्विंगचा, म्हणजे बेडपासून (खालच्या आडव्या रुळांपासून) स्पिंडलच्या (ओंडका फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापर्यंत १५० मिमी उंची असलेला, मिडी आकाराचा लाकूड कातण्याचा लेथ आहे. मोटर एक अश्वशक्तीची असून गती व्हीएफडीने (मोटरच्या विजेची वारंवारता बदलणाऱ्या साधनाने) बदलते, पट्टा तीन पुलींवर हलवता येतो आणि बँजोचे (बेडवर सरकणाऱ्या, हत्याराचा टेकू धरणाऱ्या भागाचे) छिद्र एक इंचाचे आहे. मी मुख्यतः ओल्या लाकडाचे वाडगे जाड कातून वाळत ठेवतो आणि वाळल्यावर पुन्हा चढवून पूर्ण करतो. या पद्धतीत वाडग्याच्या पोटातले सगळे चांगले लाकूड ढलप्या होऊन जमिनीवर पडते आणि ते झाडून भरताना दर वेळी जिवाला लागते. हा गाभा अखंड काढून त्यातून आणखी एखादा लहान वाडगा करता यावा, म्हणून कोअरिंगची यंत्रणा घ्यावी असे मनात आहे.

अडचण अशी, की या बाबतीत मला अगदी दोन टोकांची मते ऐकायला मिळाली. विकणारे म्हणतात की ती कोणत्याही लेथवर बसते. मोठे लेथ वापरणारे म्हणतात की दीड-दोन अश्वशक्तीच्या खाली हा विचारही करू नये. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. एक अश्वशक्ती खरोखरच अपुरी आहे का? एवढ्या कमी उंचीत कोणता प्रकार बसतो? आणि लेथमध्ये काही बदल करावे लागतात का?

पटाशी

एक अश्वशक्तीवर कोअरिंग होते. घाई मात्र होत नाही.

शंकेखोर

बसेल की नाही हे पाहण्याआधी हाती काय लागेल याचा हिशेब मांडावा, असे मी सुचवतो. स्विंग ३०० मिमी असला तरी बाहेरची बाजू कातताना बँजो ओंडक्याखालून सरकवावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात २५० मिमी व्यासाचा ओंडका सोयीचा ठरतो. ओला वाडगा वाळताना वेडावाकडा होतो, म्हणून व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडी ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे २५ मिमी. कोअरिंगच्या पात्याने पडणारी चीर ८ मिमी धरू. मग पहिल्या गाभ्याचा व्यास २५० उणे ६६, म्हणजे १८४ मिमी येतो. त्यातून पुन्हा गाभा काढायचा, तर १८ मिमी भिंत आणि चीर पुन्हा ८ मिमी धरून १३२ मिमी उरतात.

ही झाली रुंदी. खोली याहून लवकर संपते. ओंडका १०० मिमी जाड असेल तर पहिला गाभा ६७ मिमी खोल आणि दुसरा जेमतेम ४१ मिमी. म्हणजे दुसरा गाभा वाडगा कमी आणि बशी जास्त. एवढ्यासाठी एवढी जड यंत्रणा घ्यायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे. चारशे मिमीच्या ओंडक्यातून चार-पाच वाडग्यांचा संच निघतो तेव्हा कोअरिंगला अर्थ असतो, असे माझे मत आहे.

ढलपी

शंकेखोर यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. १८४ मिमी व्यासाचा, ६७ मिमी खोल गाभा हा पूर्ण वापराचा वाडगा आहे. लाकूड गाठीचे किंवा सुंदर रेषांचे असेल, तर त्याच ओंडक्यातले, एकाच रेषेचे दोन वाडगे जोडीने ठेवता येतात. शिवाय आतले लाकूड ढलपी-ढलपीने काढण्याची मेहनत वाचते, ती वेगळीच. लहान लेथवर एका ओंडक्यातून एकच गाभा काढायचा, एवढी अपेक्षा ठेवली की यंत्रणा निरर्थक वाटत नाही.

मंदगती

धागाकर्त्यांचा पहिला प्रश्न शक्तीचा आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

अश्वशक्तीचा आकडा एकटा काही सांगत नाही. पात्याच्या टोकाशी किती जोर मिळतो हे पाहावे लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ही सगळी शक्ती मिनिटाला ५०० फेऱ्यांवर मिळाली, तर स्पिंडलवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे १४ न्यूटन-मीटर येतो. काप मध्यापासून १०० मिमीवर चालू असेल, तर टोकाशी सुमारे १४० न्यूटन, म्हणजे साधारण चौदा किलो वजनाएवढा जोर मिळतो. अर्ध्या अश्वशक्तीला तो निम्मा होतो. सहा-आठ मिमी रुंदीचे टोक ओल्या लाकडात हळू चालवायला हा जोर पुरतो, मात्र हात जड ठेवला तर मोटर थांबते.

खरी गोम "ही सगळी शक्ती मिळाली तर" या शब्दांत आहे. व्हीएफडीने मोटरची गती खाली आणली की तिचा टॉर्क साधारण तेवढाच राहतो आणि शक्ती गतीच्या प्रमाणात कमी होते. समजा, वरच्या पुलीवर लेथ ३००० फेऱ्यांपर्यंत जातो आणि खालच्या पुलीवर १००० पर्यंत. वरच्या पुलीवर पट्टा ठेवून बटण फिरवून ५०० केले, तर मोटरची सहाव्या हिश्श्याइतकीच शक्ती हाताशी राहते. खालच्या पुलीवर तेच ५०० केले तर निम्मी राहते. त्याच मोटरवर, त्याच गतीला तिप्पट जोर. पट्टा हलवण्याचा कंटाळा करून "माझा लेथ कोअरिंगला अपुरा पडतो" असे म्हणणारे बरेच भेटतात.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. काप काठाशी सुरू होतो तेव्हा त्रिज्या मोठी असते, म्हणून मोटरची खरी परीक्षा सुरुवातीला असते. पाते आत जाते तशी त्रिज्या घटते आणि मोटरवरचा ताण हलका होतो, पण तोवर पाते आधारापासून खूप पुढे गेलेले असते, त्यामुळे शेवटची परीक्षा पात्याची आणि बँजोची असते. लहान लेथवर पहिली परीक्षा धीराने पास होता येते. दुसरीला लोखंडच लागते.

खरादी

मंदगती यांच्या हिशेबाला एक जुना दाखला जोडतो. इंग्लंडमधील बकलबरी कॉमन येथे जॉर्ज लेली नावाचे कारागीर होते (१८६९–१९५८). ते पायाने चालणाऱ्या पोल-लेथवर एल्म लाकडाच्या एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. त्यांचा लेथ रेडिंगच्या इंग्लिश ग्रामीण जीवन संग्रहालयात आहे. माणसाच्या पायाची सलग शक्ती एक दशांश अश्वशक्तीच्या आसपास असते, आणि पोल-लेथवर काप फक्त पाय खाली दाबला जातो तेव्हाच होतो. पाय वर येताना ओंडका उलटा फिरतो. तरीही आकडीसारख्या वाकड्या हत्याराने गाभा सुटत असे. तेव्हा अर्ध्या किंवा एका अश्वशक्तीला कमी लेखण्याचे कारण नाही. अरुंद काप, ओले लाकूड आणि धारदार टोक या तीन गोष्टी असल्या की शक्ती फारशी लागत नाही.

शंकेखोर

खरादी यांचा दाखला छान आहे, पण त्यातली एक बाजू राहून गेली. पोल-लेथवर हत्यार अडकले तर पाय अडतो आणि काम तिथेच थांबते. मोटरला ही समज नसते. पाते चिरेत अडकल्यावर चारपाच किलोचा फिरता ओंडका आपला सगळा वेग पात्यावर, पात्यावरून बँजोवर आणि बँजोवरून मनगटावर काढतो. लहान लेथचा बँजो हलका, बेड अरुंद आणि स्टँड पत्र्याचा. म्हणजे मोटर लहान असल्याने काम अडत नाही हे मान्य. पण बाकीचे सगळेही लहान असते, त्याचे काय?

मंदगती

रास्त मुद्दा. त्यासाठीच पट्टा फार ताणू नये. जड काप लागला की पट्टा घसरला पाहिजे. लहान लेथवर तोच आपला फ्यूज आहे. पट्टा घसरल्याचा आवाज आला की पाते तिथेच धरून न ठेवता मागे घ्यावे आणि आधी लेथ बंद करावा. बंद करण्याचे बटण हेडस्टॉकवर (मोटरच्या बाजूच्या भागावर), म्हणजे ओंडक्यापलीकडे असेल, तर टेलस्टॉकच्या (समोरच्या टोकाच्या सरकत्या आधाराच्या) बाजूला हाताशी येईल असा जादा स्विच लावून घ्यावा. हा बदल मी यंत्रणेच्याही आधी करायला सांगेन.

काटकोन

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सर्रास दिसणाऱ्या यंत्रणा दोन तत्त्वांवर चालतात.

पहिल्या तत्त्वात पाते वर्तुळाच्या कंसासारखे असते आणि ते एका स्थिर खिळीभोवती फिरते. वनवे कंपनीच्या ईझी कोअरमध्ये ही खिळी बेडवर आवळलेल्या तळपायावर असते आणि पात्याखाली आधाराचे एक वेगळे बोट चिरेतून पात्यामागोमाग आत जाते. वूडकट कंपनीच्या बोलसेव्हरमध्ये अख्खे साधन बँजोच्या छिद्रात उभे राहते आणि मागून टेलस्टॉकचे टोक त्याला रेटून धरते. दुसऱ्या तत्त्वात खिळीच नसते. केल्टन कंपनीच्या मॅकनॉटन सेंटर सेव्हरमध्ये टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या पट्टीच्या) जागी उभ्या पिनांचे एक फाटक असते, त्यातून वक्र पाते लांब मुठीने पुढे सारायचे असते आणि वाट आपण स्वतः ठरवायची असते.

खिळीच्या प्रकारात आकार आधीच कागदावर मांडता येतो, हा मोठा फायदा आहे. पात्याच्या कंसाची त्रिज्या १०० मिमी धरा. खिळी लेथच्या अक्षावर, ओंडक्याच्या तोंडाच्या पातळीत असेल तर अर्धगोल निघेल. खिळी टेलस्टॉककडे ४० मिमी मागे घेतली, तर गाभ्याची खोली ६० मिमी आणि तोंडाचा व्यास सुमारे १८३ मिमी होईल. शंकेखोर यांच्या पहिल्या गाभ्याच्या अगदी जवळचा आकार. खिळी अक्षावरून कापाच्या बाजूला सरकली तर वाडग्याच्या तळाशी मधोमध उंचवटा राहतो, आणि विरुद्ध बाजूला सरकली तर तळ टोकदार होतो. म्हणून अक्षावर येणे महत्त्वाचे. एकदोन मिमीची चूक गाभा कातताना निघून जाते, पण दहा मिमीची निघत नाही.

१५० मिमी उंचीच्या लेथवर बेडवर आवळायची यंत्रणा घ्यायची तर तिचा तळपाया आपल्या लेथच्या उंचीचा आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. टेलस्टॉकचा आधार घेणाऱ्या प्रकारात उंचीइतकीच लांबीही मोजावी: चक (ओंडका जबड्यांत धरणारा भाग), ओंडका, साधन आणि टेलस्टॉक हे सगळे बेडवर ओळीने मावले पाहिजे. आखूड बेडवर टेलस्टॉक बाहेर लोंबू लागतो. पिनांच्या फाटकाला बेडची लांबी लागत नाही, जागाही कमी लागते, आणि म्हणूनच लहान लेथवाले तिकडे वळतात. पण तिथे कसब सर्वांत जास्त लागते, हेही सांगितले पाहिजे.

सुतारपक्षी

गाडीच्या जुन्या पाट्याच्या स्प्रिंगमधून असे पाते घरी करता येईल का? पट्टी वाकलेली आयतीच मिळते.

काटकोन

वाक आयता मिळतो, पण तो वर्तुळाचा कंस असेलच असे नाही, आणि कंस बरोबर नसला की पात्याची पाठ चिरेच्या भिंतीला घासते. टोक वेल्ड केले तर सांध्याजवळचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि पाते नेमके तिथेच वाकते किंवा तुटते. ज्याला पोलादाला पाणी देता येते, त्याने जरूर करावे. इतरांनी निदान फिरत्या ओंडक्यासमोर हा प्रयोग करू नये.

सुतारपक्षी

म्हणजे माझ्या नावाप्रमाणे चोचीनेच गाभा काढणे सुरक्षित दिसते.

लोहारकाम

धागाकर्त्यांनी तिसरा प्रश्न विचारला आहे, त्याकडे कोणी वळलेले दिसत नाही. बसवणे म्हणजे नुसते बँजोच्या छिद्रात पोस्ट (साधनाचा उभा दांडा) घालणे नव्हे.

पोस्टचा व्यास आधी पाहा. धागाकर्त्यांचे छिद्र एक इंचाचे आहे, ही चांगली गोष्ट आहे. काही लहान लेथना पाच अष्टमांश इंचाचे, म्हणजे सुमारे १६ मिमीचे छिद्र असते. दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे एक इंची पोस्ट पाच अष्टमांश इंचीपेक्षा सुमारे साडेसहा पट ताठ असते. बारीक छिद्राच्या बँजोत बुश घालून किंवा पोस्ट तासून कोअरिंगचे साधन बसवणारे लोक आहेत. मी तसे करणार नाही. तिथे बँजोच मोठा घ्यावा.

मग पोस्टची लांबी. मध्याची उंची १५० मिमी असते तेव्हा पोस्ट बहुधा लांब पडते आणि पात्याचे टोक मध्यावर येण्याआधीच तिचा तळ बेडला टेकतो. पोस्ट कापण्याची घाई करू नये. बँजो बेडच्या मधोमध आणि पाते प्रत्यक्ष काप चालेल त्या जागी ठेवून किती कापायचे ते मोजावे, कारण पोस्टचा जेवढा भाग छिद्राच्या आत राहील तेवढीच तिची पकड. उंची ठरली की पोस्टवर, बँजोच्या वर टेकेल अशी एक कॉलर आवळून टाकावी. स्क्रू सैल केला तरी उंची हलत नाही आणि जड साधन दर वेळी हातावर तोलून धरावे लागत नाही.

टोकाची उंची अगदी मध्यावर न ठेवता किंचित वर ठेवावी, कारण भार आला की पाते खाली दबते आणि थोडे पिळतेही. वक्र पात्याचे टोक आधाराच्या सरळ रेषेत नसते, बाजूला असते, म्हणून पीळ अटळ आहे. आधाराचे बोट असलेल्या प्रकारात हा पीळ कमी होतो.

शेवटी बँजोची बेडवरची पकड. बेडवर मेण चोळण्याची सवय पुष्कळांना असते. एरवी ती चांगली, पण कोअरिंगच्या दिवशी बेडचा तेवढा भाग आणि बँजोचा तळ स्पिरिटने पुसून कोरडा करावा. खालची आवळपट्टी बेडला पूर्ण टेकते का, तेही पाहावे. माझ्या लेथवर ती कोपऱ्यावरच टेकत होती आणि कितीही आवळले तरी बँजो हळूच मागे सरकत होता. पट्टी घासून सपाट केल्यावर तो प्रकार थांबला. फाटकाच्या खालून बेडपर्यंत नेमक्या मापाचा कठीण लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून दिला, तर हलक्या बँजोलाही चांगले बळ येते.

ढलपी

लोहारकाम यांच्या प्रतिसादात एक भर: पात्याला जसा आधार लागतो तसा ओंडक्यालाही लागतो. चकच्या ५० मिमीच्या जबड्यांत धरलेला २५० मिमीचा ओंडका कोअरिंगला उभा राहत नाही. टेनन (जबड्यांत धरण्यासाठी ओंडक्याच्या तळाशी कातलेली गोल खुंटी) ओंडक्याच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश असावी, त्याहून मोठी असेल तर उत्तमच, आणि तिचा खांदा जबड्यांच्या तोंडाला घट्ट टेकलेला असावा. शंका असेल तिथे फेसप्लेट (ओंडक्याला स्क्रूंनी जोडायची तबकडी) आणि जाड स्क्रू वापरावेत. मात्र स्क्रू जेवढे आत जातात तेवढे लाकूड तळातून वजा होते, हे खोली मोजताना धरावे; नाहीतर गाभा सुंदर निघतो आणि बाहेरच्या वाडग्याच्या तळाला भोके राहतात.

वाळवण

वाळलेल्या लाकडात कोअरिंग करावे का?

मंदगती

लहान लेथवर करू नये. वाळलेल्या लाकडात जोर जास्त लागतो, टोक तापते आणि भुसा बारीक होऊन चिरेत ठासून बसतो. ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या निदान ओढून बाहेर काढता येतात. गाभा निघाला की तो आणि बाहेरचा वाडगा, दोन्हींच्या आडव्या रेषांच्या टोकांना मेणाचे लेपन लगेच लावावे. गप्पा मारत बसले की तडे जातात.

खरादी

गाभे कोणत्या क्रमाने काढावेत, यावर थोडा वाद होऊ द्या. मी सर्वांत आतला, लहान गाभा आधी काढतो. ओंडक्याची मूळ पकड शेवटपर्यंत कायम राहते आणि लहान काप आधी झाल्याने त्या लाकडाचा स्वभाव कळतो.

ढलपी

मी उलट करते. मोठा गाभा आधी काढला की स्पिंडलवरचे वजन लगेच कमी होते आणि लहान लेथच्या बेअरिंगवर ते बरे पडते. सुटलेल्या गाभ्याला नवी टेनन काढून तो स्वतंत्र चढवायचा. काम वाढते, पण लहान लेथवर वजन कमी असणे मला जास्त मोलाचे वाटते.

शंकेखोर

आपण सर्वांनी मिळून ठरवले आहे की या लेथवर एकच गाभा निघणार आहे. एकाच गाभ्याचा क्रम ठरवण्यात दोघांनाही यश येवो.

पटाशी

:) शंकेखोर यांना या धाग्याचे पंच नेमावे.

लोहारकाम

वादात एक महत्त्वाची गोष्ट राहायला नको: गाभा पूर्ण कापून सोडवू नये. मध्यभागी वीस-पंचवीस मिमी जाडीची मान उरली की लेथ थांबवावा आणि चिरेत लाकडी पाचर हलकेच ठोकून मान मोडावी. वाडग्यासाठी सहसा रेषा लेथच्या अक्षाला आडव्या असतात, त्यामुळे मान सहज मोडते. क्वचित तळातला एखादा टवका घेऊन मोडते, म्हणून तळाला थोडी जादा जाडी ठेवावी. रेषा अक्षाच्या दिशेने असलेल्या ओंडक्यात ही युक्ती चालत नाही, कारण मानेतले तंतू लांबीने धरून राहतात. तिथे मान अगदी बारीक होईपर्यंत कापावे लागते. मान कुठे येणार हे कळण्यासाठी पात्यावर मार्करने खूण करून ठेवावी, कारण चिरेच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही.

ओला ओंडका (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. येथील चर्चा वाचून मी पिनांच्या फाटकाचा प्रकार निवडला, कारण माझ्या बेडवर टेलस्टॉकसह सगळे ओळीने मावत नव्हते. काय केले ते लिहितो, म्हणजे असाच लेथ असलेल्यांना उपयोग होईल.

पोस्ट लांब होती. लोहारकाम यांनी सांगितल्याप्रमाणे आधी मोजून मगच कापली आणि वर कॉलर बसवली. पट्टा खालच्या पुलीवर, गती पाचशेच्या आत. ओंडका मुद्दाम २२० मिमीचा घेतला आणि फेसप्लेटवर धरला. लेथ सुरू करण्याआधी ओंडक्याच्या जागी पुठ्ठ्याचा अर्धा छेद उभा करून त्यावरून पाते हाताने सारून पाहिले. या तालमीत पाते तळाच्या फार जवळ जाते हे दिसले आणि फाटक थोडे मागे घेतले.

प्रत्यक्ष कापात मोटरने कुरकुर केली ती सुरुवातीच्या भागातच, मंदगती म्हणाले होते तशी. त्यानंतर अडचण आली ती ढलप्यांची. दोन-अडीच सेंटिमीटर आत गेले की आवाज जाड होतो आणि पाते जड वाटू लागते. बाहेर ओढले की चिरेतून ओल्या ढलप्यांची घट्ट वळलेली वादी निघते. ती काढली की आवाज पुन्हा स्वच्छ. पाते मागे-पुढे करत चीर किंचित रुंद ठेवली तर अडकण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. गाभा पाचरीने मोडून निघाला आणि त्याचा वाडगा होईल एवढी जाडी त्यात आहे.

एक शंका मात्र उरली आहे. काम झाल्यावर पात्याच्या बाहेरच्या वक्र कडेवर, टोकापासून सुमारे तीन बोटे मागे, एक काळसर चकचकीत पट्टा उमटलेला दिसला, आणि चिरेच्या भिंतीवर त्याच जागी लाकूड किंचित करपले आहे. हे टोक बोथट झाल्याचे लक्षण आहे का?

काटकोन

बोथटपणाने ढलप्यांऐवजी भुसा येतो. आपल्याकडे वादी येत होती, म्हणजे धार ठीक आहे. तो पट्टा पाते भिंतीला घासल्याचा आहे. आपण पाते त्याच्या स्वतःच्या कंसापेक्षा थोड्या सरळ वाटेने पुढे सारत असाल, म्हणून बाहेरची कड घासते. फाटकाचा कोन दोन-तीन अंश आत वळवून पाहा आणि पुढच्या वेळी मूठ सुरुवातीपासूनच थोडी अधिक फिरवत न्या.

लोहारकाम

काटकोन यांच्याशी सहमत आहे, पण टोकाची रुंदीही मोजून पाहा. टोक पात्याच्या अंगापेक्षा रुंद असते, म्हणूनच पात्याला चिरेत मोकळीक मिळते. धार लावताना टोकाच्या बाजू घासल्या तर ही रुंदी कमी होते, आणि मग कोन कितीही बरोबर असला तरी पाते घासते आणि करपते. धार फक्त पुढच्या तोंडाला लावावी आणि बाजूंना हात लावू नये. आपले टोक नवे असल्याने बहुधा कोनाचाच प्रश्न असेल, पण कॅलिपर लावायला दोन मिनिटेच लागतात.

ओला ओंडका (धागाकर्ता)

कॅलिपर लावला. टोक पात्यापेक्षा दोन्ही बाजूंना नीट रुंद आहे, तेव्हा कोन बदलून पाहतो. पुढचा ओंडका २४० मिमीचा आहे आणि त्याला मधोमध गाठ आहे, त्यामुळे मान कुठे ठेवायची याचा विचार चालू आहे.

ढलपी

गाठ मानेत येऊ देऊ नका. गाठीतले तंतू अक्षाच्या दिशेने असतील तर पाचरीने मान मोडणार नाही. ओंडका फेसप्लेटवर थोडा बाजूला धरून गाठ मानेच्या बाहेर नेता आली तर उत्तम. ओंडका जेवढा सरकवाल त्याच्या दुप्पट व्यास कमी होईल, तेवढा होऊ द्या.